तहानलाडू, भूकलाडू आणि विमानाचं तिकीट

आपल्या कर्जत-खालापूर भागात कालपरवापर्यंत विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी वस्तू होती. आता घराघरात बोर्डिंग पास दिसतो. मुलगा बंगळुरूला नोकरीला, मुलगी दुबईला, नातवाचं बारसं हैदराबादला. त्यात पनवेलच्या पलीकडे उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुटू लागली. साहजिकच दवाखान्यात एक नवा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. मे महिन्याच्या सुट्टीआधी आणि दिवाळीच्या तोंडावर तर हमखास: "डॉक्टर, पहिल्यांदाच विमानाने चाललोय. बाळाला खायला काय घेऊ?"

प्रश्न विचारायला बहुतेक वेळा आई, आजी आणि बाबा असे तिघेही आलेले असतात आणि तिघांची मतं वेगळी असतात. आजी म्हणते, पोर उपाशी राहील, पुरणपोळीपासून दहीभातापर्यंत सगळं बांधून देते. आई म्हणते, पाकिटातलं बरं, सांडत नाही. बाबा म्हणतात, कशाला ओझं, विमानतळावर सगळं मिळतं.

माझं मत तीन शब्दांत सांगतो: थोडं, कोरडं, ओळखीचं. एखादं जेवण चुकल्याने निरोगी मूल आजारी पडत नाही. चुकीचा घास किंवा बिघडलेलं अन्न मात्र त्याला आजारी पाडू शकतं, आणि आकाशात असताना त्यावर उपचार करणं अवघड असतं. आपण नेमकी उलट भीती बाळगतो, म्हणून हा लेख.

विमान दोन तासांचं, डबा बारा तासांचा

तिकिटावर लिहिलेलं असतं: मुंबई ते बंगळुरू, पावणेदोन तास. आपण डबाही तेवढ्याच हिशोबाने भरतो. पण कर्जत, नेरळ किंवा खोपोलीहून निघणाऱ्या कुटुंबाचा खरा हिशोब मांडून बघा.

समजा सकाळी साडेसहाचं विमान आहे आणि मुंबईच्या जुन्या विमानतळावरून जायचं आहे. दोन तास आधी पोहोचायचं म्हणजे रात्री दोन-अडीचला गाडीत बसायला हवं. मग इडल्या कधी केल्या? आदल्या रात्री दहाला. विमान सव्वाआठला उतरणार, सामान घेऊन, टॅक्सी करून, बंगळुरूच्या रहदारीतून घरी पोहोचायला साडेदहा. म्हणजे गॅसवरून उतरल्यापासून त्या इडलीला साडेबारा तास झाले! उलव्याहून विमान असेल तर यातला तासभर वाचेल, इतकंच. आणि विमानाला उशीर झाला तर?

त्यामुळे डबा भरताना तिकिटावरची वेळ बघू नका. अन्न शिजल्याची वेळ आणि पोहोचून ताजं जेवण मिळण्याची वेळ, या दोहोंमधलं अंतर मोजा.

कोमट अन्न सगळ्यात धोक्याचं

जिवाणूंची वाढ ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात होते आणि ३०-४० अंशांच्या आसपास ती फार वेगाने होते. म्हणून ओलं, शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडीत काय तापमान असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "अन्न गरम राहणाऱ्या डब्यात ठेवलंय, म्हणजे सुरक्षित आहे" असं अनेकांना वाटतं. असा डबा पहिले दोन-तीन तास अन्न गरम ठेवतो आणि पुढचे अनेक तास कोमट ठेवतो. जिवाणूंना हवं असतं ते हेच. शिवाय झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन परत अन्नात पडते.

भाताबद्दल विशेष सांगतो, कारण आपलं मुख्य अन्नच भात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात. ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. हे विष परत गरम केल्यानेही नाहीसं होत नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात, म्हणजे नेमक्या प्रवासातच. दहीभात, मसालेभात, खिचडी हे घरात उत्तम पदार्थ आहेत. पण लांबच्या प्रवासाच्या डब्यात लहान मुलासाठी नकोत. हीच गोष्ट उकडलेलं अंडं, पनीर, मावा, ओलं खोबरं आणि ओल्या चटणीची.

वाटेत गाडी थांबवून काही खायचं झालंच, तर एवढं लक्षात ठेवा. मोठ्या मुलाला कढईतून समोर काढलेला वडा एक वेळ चालेल, पण त्याच्यासोबतची सकाळपासून बाहेर असलेली चटणी नको.

आजीच्या शिदोरीत शास्त्र होतं

गोष्टीतला राजपुत्र निघाला की त्याला तहानलाडू-भूकलाडू बांधून दिले जायचे. त्याच्यासोबत कुणी आमरस दिल्याचं ऐकलंय का? आपल्या जुन्या शिदोरीचे पदार्थ आठवून बघा: दशमी, गूळपोळी, धपाटे, भाजणीचं थालीपीठ, लाडू, शंकरपाळी, कुरमुरे, मेतकूट. यातल्या बहुतेक पदार्थांत पाणी कमी आणि साखर, गूळ, मीठ किंवा तूप जास्त. जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. ते नसेल तर अन्न टिकतं. दशमीत कणीक पाण्याऐवजी दुधात मळतात, ती मऊ राहते आणि पाण्याशिवाय घशाखाली उतरते. नीट खरपूस भाजून, पूर्ण गार करून बांधली तर सकाळची दशमी संध्याकाळपर्यंत चालते. फक्त थालिपिठात कांदा-कोथिंबीर घालू नका, कारण ओलावा वाढला की टिकण्याचा वेळ घटतो.

पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. भरण्याआधी हात साबणाने धुवा, कारण हातावरच्या छोट्या जखमेतून, पुटकुळीतून अन्नात जाणारे स्टॅफिलोकोकस जिवाणूही असंच न मरणारं विष तयार करतात. एकच मोठा डबा नको. तीन-चार छोट्या डब्या करा. एक उघडली, उष्टी झाली की उरलेलं टाकून द्यायचं. उष्ट्या अन्नात लाळ मिसळलेली असते आणि ते लवकर बिघडतं.

फळ द्यायचं तर केळं सगळ्यात सोयीचं. निसर्गाने त्याला स्वतःचं वेष्टण दिलं आहे. घरून कापून नेलेलं कलिंगड आणि पपई टाळा.

विमानात घास अडकला तर

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. विमानात मूल रडायला लागलं की आजूबाजूचे प्रवासी वळून बघतात. आईबाबा कानकोंडे होतात आणि हाताला येईल ते मुलाच्या तोंडात देतात: फुटाणे, शेंगदाणे, चॉकलेट, गोळी. पट्ट्याने बांधलेलं, अर्धवट आडवं, रडणारं मूल आणि तोंडात शेंगदाणा. रडताना मूल जोरात श्वास आत ओढतं. शेंगदाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो.

चार-पाच वर्षांपर्यंत मुलांना दाढांनी नीट चावून खाण्याची कला पूर्ण आलेली नसते आणि श्वासनलिका अरुंद असते. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाला प्रवासात पुढील गोष्टी देऊ नका: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, बोरं, कडक गोळ्या, जेली, च्युइंगम, कच्च्या गाजराचे तुकडे. शेंगदाणा द्यायचाच तर कूट करून मऊ लाडवात द्या. द्राक्षं द्यायची तर उभी चार भागांत कापून.

घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पाठीवर उगाच थापट्या मारू नका. खोकला बंद पडला, आवाज फुटेना, ओठ निळे पडू लागले तर एक क्षणही घालवू नका:

• एक वर्षाखालचं बाळ: हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली. दोन खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापट्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. आलटून पालटून करत राहा.

• एक वर्षावरचं मूल: पुढे वाकवून पाठीवर ५ थापट्या. मग मागून हात घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने ५ झटके.

• त्याच वेळी विमानातल्या कर्मचाऱ्यांना ओरडून बोलवा. त्यांना याचं प्रशिक्षण दिलेलं असतं. मूल बेशुद्ध पडलं तर ते छातीवर दाब देण्याची क्रिया सुरू करतात.

• घास डोळ्यांना दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपडू नका. तो आणखी आत जातो.

आणखी एक गोष्ट. ठसका लागून गेला, मूल शांत झालं, पण नंतर खोकला किंवा छातीत घरघर राहिली, तर उतरल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि "शेंगदाणा खाताना ठसका लागला होता" हे आवर्जून सांगा. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही. ही माहिती दिली नाही तर आठवडेच्या आठवडे न्यूमोनिया समजून औषधं चालू राहू शकतात.

कान, पोट आणि फुगलेलं पाकीट

विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्या हवेसारखी नसते. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा हवेचा दाब असतो, तेवढा आत ठेवलेला असतो. माथेरान अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर गेल्यासारखं समजा. दाब कमी झाला की बंद जागेतली हवा प्रसरण पावते, सुमारे एक तृतीयांश इतकी. म्हणून वेफर्सचं पाकीट फुगतं, दह्याचा कप उघडताच अंगावर उडतो आणि नळीच्या बाटलीतून पाणी आपोआप वर येतं. ती बाटली उघडताना तोंड बाजूला धरा.

हीच गोष्ट पोटातल्या हवेची. आदल्या रात्री छोले, राजमा, आणि विमानात थंड सोडा पेय दिलं तर मुलाचं पोट फुगतं, दुखतं आणि ते रडतं. आपल्याला वाटतं भूक लागली, आपण आणखी भरवतो. रडणं वाढतंच.

कानाचं गणित वेगळं. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. विमान उतरताना दाब वाढतो, नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो आणि कान ठणकतो. गिळलं की ही नळी उघडते. म्हणून तुमच्याजवळची एक डबी किंवा एक दूधपाजणी उतरण्यासाठी राखून ठेवा. चढतानाच सगळं संपवलं तर उतरताना मूल काहीच गिळणार नाही. वैमानिकाने उतरण्याची घोषणा केली की लगेच सुरुवात करा, कारण दाब शेवटच्या वीस-तीस मिनिटांत बदलत असतो. बाळाला अंगावर पाजा. बाटली देत असाल तर आडवं न पाडता थोडं उभं धरून द्या. मोठ्याला घोट घोट पाणी. सर्दी, कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पुण्याहून विमान पकडणाऱ्यांना आधी बोरघाट ओलांडायचा असतो. गाडी लागणाऱ्या मुलाला त्याआधी पोटभर दूध देऊ नका आणि अगदी उपाशीही ठेवू नका. अर्धी दशमी किंवा दोन बिस्किटं पुरेशी आहेत.

दूध, पाणी आणि ओआरएस

सहा महिन्यांखालच्या बाळासाठी डब्याचा प्रश्नच नाही. आईचं दूध पुरेसं, वरचं पाणीसुद्धा नको. मात्र ते दोन-तीन तासांनी लागतंच, हा उपास त्याला चालत नाही. आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं, कारण विमानातली हवा अतिशय कोरडी असते.

पावडरचं दूध घरून कालवून नेऊ नका. पावडर मोजून कोरड्या डबीत, उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये, आणि लागेल तेव्हा कालवून, अंगाला सोसेल इतकं गार करून द्या. पावडरही निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश तापलेलं हवं. उरलेलं दूध दोन तासांनी फेकून द्या. गरम पाणी मुलाला मांडीवर घेऊन हाताळू नका. विमान हलतं आणि भाजतं.

एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, प्रवासात नाही आणि घरीही नाही.

ओआरएसची दोन पाकिटं बॅगेत ठेवाच. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या ग्लासात घालणं चूक आहे. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं मिळतात, प्रवासात ती सोयीची. विमानतळावर गोड पेयांचे रंगीत खोके मिळतात, त्यांना ओआरएस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे न बनवलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. जास्त साखरेच्या पेयाने जुलाब वाढू शकतात.

तपासणीच्या रांगेत

बाळाचं दूध, बाळाचं अन्न आणि औषधं प्रवासाला पुरतील इतकी केबिन बॅगेत नेता येतात. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तपासणीच्या ट्रेमध्ये स्वतःहून काढून दाखवा. बाकी पातळ पदार्थांवर, विशेषतः परदेशी विमानांसाठी, १०० मिलिलिटरची मर्यादा असते. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणी झाल्यावर भरा.

गूळ-खोबरं हा आपला आवडता खाऊ, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. त्यांत तेल साठ टक्क्यांच्या आसपास असतं आणि दाटीवाटीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. आपल्याकडे २०२२ मध्ये चेक-इन सामानात त्यावर बंदी आली. परदेशी, विशेषतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जात असाल तर उरलेलं खाणं, फळं, दुधाची मिठाई लपवू नका. फॉर्मवर लिहा किंवा उतरण्याआधी टाकून द्या.

"उपाशी राहील हो!"

शेवटी याच वाक्याकडे येतो. दोन वर्षांच्या निरोगी मुलाने एक जेवण टाळलं तर काही बिघडत नाही. अपुरी झोप, गर्दी, नवी जागा यामुळे भूक मंदावते. पोहोचल्यावर ते भरून काढतं. पाणी मात्र चुकवू नका. वेळेवर खाणं आवश्यक असलेली मुलं वेगळी, उदाहरणार्थ इन्सुलिन घेणारी. त्यांचं इन्सुलिन, ग्लुकोज आणि वेळापत्रक निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि औषध केबिनमध्येच ठेवा.

मूल रडलं तर आधी लंगोट बघा, कान बघा, झोप बघा. मांडीवर घ्या, पुस्तक दाखवा. खाऊ हा शेवटचा उपाय असू द्या. शेजारच्या प्रवाशाला त्रास होतो म्हणून मुलाचं तोंड खाऊने बंद करायचं, हे मला पटत नाही. तो प्रवासीही कधीतरी रडणारं मूल होता. त्याच कारणासाठी झोप आणणारं सर्दीचं औषध देणं तर अजिबात नको. आणि कोणताही नवा पदार्थ विमानात पहिल्यांदा देऊ नका. ॲलर्जी निघाली तर मदत फार दूर असते.

तर दीड ते चार वर्षांच्या मुलासाठी माझ्या मते डबा असा असावा:

• दोन छोट्या दशम्या किंवा गूळपोळ्या, तुकडे करून
• मूठभर कुरमुरे
• नाचणीचे किंवा रव्याचे दोन मऊ लाडू, आत अख्खा सुकामेवा न घालता
• एक केळं
• रिकामी पाण्याची बाटली, ओआरएसची दोन पाकिटं
• कागदी साबण, कारण तेलकट हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही
• कपड्यांचा एक जादा जोड आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या

हे सगळं एका लहान पिशवीत मावतं. आजीबाईंनी केलेलं बाकीचं सामान वाया जाऊ देऊ नका, मोठ्यांनी निघण्याआधी घरीच जेवून घ्या. प्रवासात उलट्या थांबत नसतील, मूल मलूल झालं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर उतरल्या उतरल्या विमानतळावरच्या वैद्यकीय कक्षात दाखवा. घरी पोहोचण्याची वाट बघू नका.

तुमचा प्रवास सुखाचा होवो.